मिक्सर, सेल आणि सासूबाईंचं समाधान

इंदिरानगरमधल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगते. त्या आणि त्यांची सातवीतली मुलगी रोज रात्री एका वहीत तीन-तीन गोष्टी लिहितात, आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटले त्या. वही मिटली की हात मोबाइलकडे जातो आणि दसरा-दिवाळीचे सेल सुरू होतात. यादीत मिक्सर आहे, यजमानांचा फोन आहे (नो कॉस्ट ईएमआयवर), मुलीचे बूट आहेत आणि 'जमलीच तर' स्वतःला एक साडी. सासूबाई म्हणतात, "आहे त्याची किंमत नाही, नवं मात्र पाहिजे." परवा मुलीनेच विचारलं, "आई, आपण थँक्यू लिहितो आणि लगेच अजून मागतो, असं का?" नणंद न्यू जर्सीला असते. तिच्याकडे तर आभाराचा गुरुवार (थँक्सगिव्हिंग) झाला की दुसऱ्याच दिवशी दुकानांसमोर रांगा. तर सेलमध्ये खरेदी करणं आणि कृतज्ञ असणं यांचं वाकडं आहे का, की आपणच उगाच मनाला लावून घेतोय, असं त्यांना विचारायचंय.

मी नाशिकमध्ये लोकांचे घरखर्च आणि कर्जं मार्गी लावून देण्याचं काम करते. दिवाळीनंतरचा महिना माझ्याकडे सगळ्यात गर्दीचा, त्यामुळे सेलची दुसरी बाजू मला जवळून दिसते. तरीही आधी सरळ उत्तर देते: ताई, खरेदीचं आणि कृतज्ञतेचं काहीही वाकडं नाही. सेल ज्या रीतीने आपल्या गळ्यात मारला जातो, त्या रीतीचं मात्र कृतज्ञतेशी हाडवैर आहे. तुमच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत झालीय, आणि सासूबाईंच्याही.

आपल्याकडे सण आणि खरेदी कधी वेगळे नव्हतेच. धनत्रयोदशीला भांडं, दसऱ्याला गुंजभर का होईना सोनं, पाडव्याला नव्या चोपड्या, लग्न ठरलं की बस्ता. ज्यांना खरेदी म्हणजे आजकालचं खूळ वाटतं, त्यांनी धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी आपल्या भांडी बाजारात जाऊन उभं राहावं. एखादी बाई पितळी डबा पसंत करते. घरून पिशवीत आणलेली जुनी भांडी, म्हणजे मोड, आधी काट्यावर चढते, मग नवा डबा चढतो. वजा-बाकी होते, घडणावळीवरून थोडी घासाघीस होते. आणि पैसे देऊन झाले की दुकानदार हमखास विचारतो, "नाव काय घालायचं?" मग कोपऱ्यातला पोरगा डबा मांडीत घेतो, हातातलं यंत्र करकरतं आणि दोन मिनिटांत अक्षरं उमटतात: अमक्याच्या मुंजीनिमित्त मामाकडून. कै. तमक्यांच्या स्मरणार्थ. खाली तारीख. जुन्या भांड्यांवर हीच अक्षरं छिन्नीने ठोकून ठिपक्याठिपक्यांची केलेली असतात, बोट फिरवलं की कळतात.

आमच्या घरात असं एक पातेलं आहे, त्यावर माझ्या आत्याचं नाव आहे. त्याला घरात कोणी पातेलं म्हणत नाही. "पाहुणे आहेत, आत्याचं काढ," असंच म्हणतात. माझ्या सुनेने आत्याला पाहिलेलंही नाही, पण तीही तसंच म्हणते.

म्हणजे कोणी दिलं, कोणाला दिलं, कशासाठी दिलं, हे सगळं वस्तूवरच लिहिलेलं. ही खरेदीच होती, रोख पैसे मोजून केलेली, आणि घासाघीस करून केलेली. त्यात कृतज्ञता कुठे कमी पडली? आणखी एक गंमत बघा. पितळ-तांबं त्या दिवसाच्या भावाने वजनावर विकलं जातं, त्यामुळे तिथे 'सत्तर टक्के सूट' अशी पाटी लावायला जागाच नाही. फार तर घडणावळीत थोडंफार कमी-जास्त. काट्यावर चढणाऱ्या वस्तूला खोटी किंमत चिकटवणं अवघड असतं.

डब्यात बंद होऊन येणाऱ्या वस्तूचं तसं नसतं. तिच्यावर छापील कमाल किंमत असते, ती कंपनीच ठरवते, आणि कायदा एवढंच म्हणतो की त्याहून जास्त घ्यायचं नाही. कमीत विकायला आडकाठी नाही. त्यामुळे ८,००० छापलेला मिक्सर वर्षभर बाजारात ३,७०० ला मिळत असला, तरी दिवाळीला ८,००० वर काट मारून ३,५०० लिहिता येतं. तुमची बचत २०० रुपयांची, आनंद साडेचार हजारांचा. छापील किमतीवरची सूट बघूच नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत ती वस्तू कितीला विकली जात होती तेवढं बघा, आणि रविवार कारंजा किंवा मेन रोडवरच्या एका दुकानात फोन करून विचारा. बऱ्याचदा फरक शे-दोनशेचा निघतो, आणि बिघडलं तर त्या दुकानदाराच्या समोर जाऊन उभं राहता येतं.

किमतीपेक्षाही मला खटकते ती घाई. 'फक्त २ शिल्लक.' 'ऑफर ११ मिनिटांत संपणार.' सूट नको म्हणायचं तर बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला बचत करायची नाही.' हे मी रंगवून सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. खोटी तातडी दाखवणं हा त्यातला एक. ग्राहकाला लाजवून होकार घेणं हा दुसरा. न विचारता टोपलीत एखादी वस्तू किंवा देणगी सरकवणं हा तिसरा. आता या सगळ्यांचा मनावर काय परिणाम होतो बघा. दहा मिनिटांपूर्वी वहीत 'आज घरात सगळे एकत्र जेवलो' असं लिहिणाऱ्या बाईला पटवून दिलं जातं की तुझ्याकडे काहीतरी कमी आहे, आणि ते आत्ताच्या आत्ता भरून नाही काढलं तर तू मूर्ख. तुमच्या मुलीला जे खुपलं ते हेच. तिला खरेदी खुपलेली नाही, तिला तो सूर बदललेला खुपलाय.

नणंदेच्या गावचं म्हणाल, तर तिकडेही बाजार आणि आभार यांची गाठ फार पूर्वी पडलीय. अमेरिकेत १८६३ मध्ये लिंकनने आभाराचा दिवस जाहीर केला, तेव्हापासून तो नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळायची रीत पडली. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने आभाराचा दिवस सरळ एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला आणला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी साफ नाही म्हटलं. देशात दोन-दोन आभारदिन झाले, लोकांनी टर उडवली, आणि शेवटी डिसेंबर १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का करावा लागला. दुकानांच्या सोयीसाठी कृतज्ञतेची तारीख हलवली गेली! दुसऱ्या दिवशीच्या शुक्रवारला 'ब्लॅक' हे नाव मिळालं ते फिलाडेल्फियाच्या पोलिसांकडून. त्या गर्दीने आणि वाहतुकीने ते कावलेले असत. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत मात्र मोठ्या दुकानांना आभाराच्या गुरुवारी उघडायला आजही कायद्याने बंदी आहे, कारण दुकान उघडं म्हटलं की काउंटरवरच्या माणसाचं घरचं जेवण बुडालं.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे कृतज्ञतेचा खरा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. त्या दिवसांत नवी वस्तू घ्यायची नाही ही जुनी रीत. तुम्ही शुभ-अशुभ माना किंवा मानू नका, पण वर्षातले पंधरा दिवस 'आज जे आहे ते कोणामुळे' एवढाच विचार करायचा आणि खरेदी बाजूला ठेवायची, ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. २०२४ मध्ये सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. दोन्ही मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सेल सगळ्यांसाठी खुले झाले ते २७ सप्टेंबरला, म्हणजे भर पितृपक्षात. कोणी फारसं काही बोललंही नाही. एका घरात तर श्राद्धाचे ब्राह्मण जेवत असताना टीव्हीचा खोका दारात येऊन पडला होता. आजोबांच्या तिथीला आलेला म्हणून घरच्यांनी तो चार दिवस उघडला नाही, एवढीच काय ती लाज राखली.

सणाच्या खरेदीत मला आणखी एक गोष्ट कायम दिसते. कृतज्ञ राहायला नेहमी कोणाला सांगितलं जातं? सुनेला, मोलकरणीला, कामगाराला. "आहे त्यात समाधान मान" हे वाक्य घरातल्या कर्त्या पुरुषाला त्याच्या नव्या गाडीच्या वेळी कोणी ऐकवत नाही. सासूबाईंचा अनादर करायचा नाही, त्यांनी टंचाईतले दिवस काढलेत, त्यांचं म्हणणं त्यातून येतं. पण मिक्सर कोण चालवतं? पहाटे पाचला उठून तीन डबे करायचे, शाळा गाठायची, आणि भांड्याला धरून उभं राहावं लागेल असा मिक्सर चालवायचा, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याने तो बदलावा म्हटलं तर त्याला कृतघ्नपणा म्हणत नाहीत. मला स्वतःला समाधानाचे उपदेश फारसे भावत नाहीत, कारण ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कष्टावर बेतलेले असतात.

तर मिक्सर. तुम्ही लिहिलंय की वाटण वाटताना जोर लावला की मोटर नुसती फिरते, पातं अडतं आणि खालून काळं पाणी येतं. मग मोटर बहुधा ठीक आहे. कपलर (मोटर आणि पातं जोडणारा तुकडा) झिजलाय आणि भांड्याचा बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची कडी) गेलाय. गल्लीतला मिक्सर दुरुस्तीवाला हे काम शे-दोनशे रुपयांत समोर बसवून करून देतो. मोटरमधले कार्बन ब्रश बदलायचे असले तर आणखी थोडे. आधी ते करा. त्यानंतरही जळका वास येत असेल, दोन मिनिटांत मशीन तापून बंद पडत असेल, तर मोटर गेली, नवा घ्या आणि मनात काहीही ठेवू नका. जुना फेकू नका. दुरुस्तीवाले सुट्या भागांसाठी घेतात, दुकानदार बदलीत थोडे पैसे देतात. अकरा वर्षं चाललेल्या यंत्राला निदान एवढा मान द्यायला हवा. खंडेनवमीला आपण त्याला हळदीकुंकू वाहिलंय की.

फोनवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्याकडे येणारी रडकथा बहुतेक इथूनच सुरू होते. तुम्ही लिहिलंय २४,००० चा फोन, १२ हप्ते, महिना २,०००, व्याज शून्य. शून्य व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. प्रत्यक्षात काय होतं ते मांडून दाखवते. समजा बँकेचा दर वर्षाला १६ टक्के आहे. दोन हजारांचे बारा हप्ते त्या दराने फेडायचे तर कर्जाची मुद्दल सुमारे २२,०४० रुपये येते, उरलेले सुमारे १,९६० हे व्याज. विक्रेता तेवढी 'सूट' देऊन व्याज लपवतो. पण क्रेडिट कार्डच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्हीच भरता: साधारण ३५० रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी, समजा १९९ आणि वर तिचा जीएसटी. म्हणजे 'नो कॉस्ट'ची कॉस्ट सहाशेच्या आतबाहेर. हे काही मोठे पैसे नाहीत, मीही मान्य करते. प्रश्न पुढचा आहे. रोखीने घेणाऱ्याला तोच फोन २२,५०० ला मिळतोय का, हे विचारा. मिळत असेल तर व्याज विक्रेत्याने नाही, तुम्ही दिलं.

आणि एखाद्या महिन्यात हप्ता चुकला किंवा कार्डावर 'किमान रक्कम' भरली, की खरा खेळ सुरू होतो. २४,००० ची बाकी, महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे ८४०, त्यावर जीएसटी १५१. किमान रक्कम समजा पाच टक्के, १,२०० रुपये. तुम्ही ते निमूट भरता, आणि मुद्दल कमी होते २०९ रुपयांनी. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी हे कागदावर लिहून दाखवते तेव्हा बरेच जण दोनदा बेरीज तपासतात.

हे कृतज्ञतेच्या प्रश्नात कशाला, असं वाटेल. यजमान अंबडच्या कंपनीत आहेत, बोनस येणार आहे. बोनसच्या १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरवून दिला, कमाल २०. किमान म्हटलं तरी, कायद्याने ज्या पगारावर बोनस मोजतात त्याचा जवळजवळ एक महिना. ती कंपनीची मेहेरबानी नव्हे, वर्षभर पाळ्या करून मिळवलेली मजुरी आहे. त्या पैशांतून फोन घेतला तर यजमानांच्या गेल्या वर्षाच्या घामाचा तो फोन. हप्त्यावर घेतला तर पुढच्या वर्षाचा घाम आजच विकला, आणि बोनस भलतीकडेच उडाला. वहीत आभार मानताना आपण मागे वळून बघतो, हप्त्याच्या खरेदीत पुढचं गहाण टाकतो. मला तुमच्या यादीत खटकली ती ही एकच गोष्ट. फोन बोनसमध्ये बसेल तेवढाच घ्या. सतरा-अठरा हजारांच्या फोनवरही कंपनीतल्या पाळीचं वेळापत्रक आणि आईचा व्हिडिओ कॉल दिसतो.

ज्यांच्याकडे बोनस नाही त्यांचं गणित निराळं. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षाची कुटुंबं माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे दिवाळीच्या आसपास छाटणी झालेली असते, मजूर, औषधं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळा पैसा जायचा हंगाम. माल निघणार जानेवारीपासून पुढे. त्यांच्या घरी दिवाळीचा सेल म्हणजे रिकाम्या खिशाला दाखवलेलं आमिष. त्यांना मी एवढंच सांगते की पोरांचे कपडे आत्ता आणि बाकी यादी गुढीपाडव्याला. तेव्हाही सेल असतातच, ते कधी संपत नाहीत.

वहीबद्दल. ती बंद करू नका. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड डेस्टेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना कृतज्ञ वाटल्याचा प्रसंग लिहायला सांगितला, काहींना आनंदाचा, काहींना साधासुधा. मग विचारलं, आत्ता थोडे पैसे हवेत की काही काळाने जास्त? कृतज्ञतेचा प्रसंग लिहिलेल्यांनी जास्त धीर दाखवला. नुसता आनंद आठवलेल्यांमध्ये आणि साध्या प्रसंगवाल्यांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या घाईवर सेल चालतो, तिच्यावर ही वहीच उतारा आहे, फक्त क्रम उलटा हवा. तुम्ही वही लिहून मग सेल उघडता, तेही रात्री साडेदहाला, थकलेल्या डोक्याने. खरेदीची यादी सेलच्या आधी, दिवसाढवळ्या, कागदावर करा. रात्री यादीबाहेरचं काही आवडलं तर टोपलीत टाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीची वही लिहून झाल्यावर पुन्हा बघा. अर्ध्या वस्तू आपोआप गळतात.

एक सावधगिरी. 'मी रोज आभार मानते, मग मला एवढं तर चालतं' अशी सवलत वही हळूच देऊ लागते. साडीचं 'जमलीच तर' त्या जातीचं वाटलं मला. साडी हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा यादीत, दर ठरवा आणि येवल्याची पैठणी घ्यायची असली तर दोन वर्षं पैसे साठवून घ्या, विणणाऱ्याच्या घरी जाऊन, माग बघून घ्या. हातमागावरच्या साडीला आठवडेच्या आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असली तर महिनेही. ते बघितल्यावर तुम्ही सूट मागणार नाही. आणि साडी नकोच असेल, नुसता सेल दिसला म्हणून असेल, तर नावच खोडा.

यादीत एक गोष्ट मला दिसलीच नाही: दिवाळीची पोस्त. घरकामाच्या मावशी, घंटागाडीवरचे दोघं, पेपरवाला, सोसायटीचा वॉचमन. सेलच्या काळात तुमच्या दारात दिवसाला तीन वेळा येणारा डिलिव्हरीवाला मुलगाही त्यात धरा, तो पाडव्यालाही गाडीवरच असतो. बोनस खात्यात आला की आधी ही पाकिटं भरून ठेवा, मग उरलेल्यात यादी बसवा. मी ज्या-ज्या घरांना हे करायला लावलं, त्यांची खरेदी थोडी आखडली, पण कोणी कुरकुर केली नाही. मावशींना कोणी जुनी साडी आणि उरलेली चकली देऊन बोळवण करू नये. रोख द्या, आणि मुलीच्या हातून द्या. तिच्या प्रश्नाला तुमच्या कुठल्याही भाषणापेक्षा हे बरं.

बुटांवर फार लिहीत नाही. वाढत्या पायाचे बूट ऑनलाइन घेऊ नयेत, संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा मेन रोडला घेऊन जा, मोजे घालून दोन्ही पायांत घालून बघा. आणि तिला बजेट सांगून निवड तिलाच करू द्या.

सेलमध्ये काही घेतलंत आणि फसगत झाली, वस्तू वेगळी आली, परतावा अडकला, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. बिल आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

राहता राहिली नणंद. ती ब्लॅक फ्रायडेला तुमच्यासाठी तिकडून स्वस्तात मिक्सर पाठवते म्हणाली, तर गोड बोलून नाही म्हणा. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३०. तो मिक्सर आपल्या प्लगात लावलात तर पहिल्याच चटणीला जळेल, आणि कस्टम भरलेलं असेल ते वेगळंच. तिला म्हणावं, यायचंच असेल तर भाऊबिजेला तू ये.